खांद्याला झेपेल तेवढाच बार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता लिहिणारा माणूस बंदुकीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन, विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला. पण गेल्या वर्षी माझ्या भाच्याचा फोन आला आणि चाळीसेक वर्षं मनात गाडून ठेवलेली एक रात्र वर आली. आज त्या दोन्हींबद्दल सांगणार आहे.

भाचा नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला असतो. तिथं मूस नावाचं एक प्रचंड हरीण आहे. आपलं सांबर त्याच्यापुढे लहान वाटावं. मोठा नर चारशे किलोच्या घरात जातो. दरवर्षी ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येनं त्याची शिकार होते. ती तिथं कायदेशीर आहे, कारण कळप वाढले की जंगलातली कोवळी झाडं खाऊन टाकतात आणि रस्त्यावर अपघातही होतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. तिथली गोष्ट वेगळी आहे. ऑफिसातल्या मित्रांबरोबर जायचं म्हणून भाच्यानं रीतसर परीक्षा दिली, पोलिसांचा परवाना काढला आणि रायफल घेतली.

फोनवर म्हणाला, "मामू, रायफल एकदम हलकी घेतली. दुर्बिणीसकट पावणेतीन किलो. दिवसभर रानात चालायचं म्हणून. पण पंधरा दिवस झाले, नेम बसत नाही. खांदा काळानिळा झालाय. दुकानदार म्हणतो, जड गोळी घेतली आहे, एवढं सोसावंच लागतं. तुमच्या घरात बंदूक होती ना? तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "बेटा, आमची ठासणीची बंदूक. तुझ्या रायफलीचं मला काय कळणार?" पण फोन ठेवला आणि झोप आली नाही.

वाशिष्ठीच्या खोऱ्यात आमचं गाव. अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि घरची थोडी भातशेती होती. आजोबांपासून चालत आलेली एक ठासणीची बंदूक घरात होती, पिकाच्या राखणीच्या परवान्यावर. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. ज्यांनी अशी बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजानं ठासायचा, मग छर्रे किंवा गोळी, वर पुन्हा बोळा. घोड्याखाली केप बसवायची. याला म्हणायचं बार भरणं. बार किती भरायचा हे ज्याच्या त्याच्या हाताचं. अब्बा बहुतेक वेळा नुसताच बार हवेत काढायचे. आवाजानं डुकरं पळायची.

१९७९ साली भात कापणीला आलं होतं आणि रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. एका रात्रीत पाव शेत लोळवलेलं असायचं. आवाजाला ती सरावली होती. गावातल्या एका जाणत्यानं अब्बांना सल्ला दिला, "मास्तर, मोठी गोळी घाला आणि दारू दीडपट करा." अब्बांनी ऐकलं. दुपारी एक बार काढून बघितला तेव्हा दस्ता असा बसला की अब्बा दोन पावलं मागे गेले. रात्री अम्मी त्यांच्या खांद्याला तेल लावत होती, ते मला आठवतं. मी दहा-अकरा वर्षांचा होतो.

दुसऱ्या रात्री शेतातल्या माळ्यावर अब्बा आणि मी. बॅटरी माझ्या हातात. डुक्कर आलं, अगदी जवळ, पंधरा-वीस पावलांवर. मी उजेड टाकला. चुकूच नये असा नेम होता. आणि मी वळून अब्बांकडे बघितलं. चाप ओढण्याच्या आधीच त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, मान वळवली होती, खांदा आक्रसून घेतला होता. बार झाला. डुक्कर किंचाळलं आणि मागचा पाय ओढत करवंदीच्या जाळीत घुसलं.

सकाळी अब्बांनी पोलीस पाटलाला सांगितलं, चार माणसं घेऊन शोधलं, रक्त दिसलं, जनावर सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या एक मावशी लाकडं आणायला गेल्या. त्या जखमी डुकरानं त्यांची मांडी फाडली. त्या वाचल्या, पण पुढं आयुष्यभर लंगडत चालल्या. अब्बा त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "हे माझ्या बंदुकीनं झालं." दरसाल कापणी झाली की पहिलं भात त्यांच्या घरी जायचं. असं एकवीस वर्षं, अब्बा असेपर्यंत.

भाच्याच्या फोननंतर मी या विषयावर वाचत गेलो. शाळेतलं न्यूटनचं वाक्य पुन्हा समजून घेतलं. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोरानं बंदूक मागे येते. किती मागे येते, हे तीन गोष्टींवर ठरतं: गोळीचं वजन, तिचा वेग आणि बंदुकीचं वजन. दारूचाही वाटा असतो, कारण जळलेल्या दारूचा वायू गोळीपेक्षा जास्त वेगानं बाहेर पडतो.

भाच्याची रायफल होती .३०-०६ नावाच्या काडतुसाची. गोळी पावणेबारा ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर. ती चार किलोच्या रायफलीतून झाडली तर रायफल सेकंदाला साधारण साडेतीन मीटर वेगानं मागे येते. तीच गोळी पावणेतीन किलोच्या रायफलीतून झाडली की हा वेग पाच मीटरच्या वर जातो आणि धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दीडपट होते. चालताना जे सव्वा किलो वाचलं, ते चाप ओढताना खांद्यावरून वसूल होतं. हलकी रायफल फुकट मिळत नाही, ती अशी.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो. तेवढ्यात रायफल मागे सरकते ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. खरा धक्का खांद्याला कळतो तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते. म्हणजे धक्का नेम फारसा बिघडवत नाही. नेम बिघडवते ती धक्क्याची भीती. ती आधी येते. डोळे मिटतात, बोट चाप दाबण्याऐवजी खेचतं, खांदा पुढे ढकलला जातो. अब्बांचा तो मिटलेला चेहरा मला चाळीस वर्षांनी असा कळला. ते भित्रे नव्हते. त्यांच्या शरीरानं कालचा मार लक्षात ठेवला होता, एवढंच.

मग हलकी गोळी घ्यावी का? इथंही पेच आहे. आमच्या गावात काहीजण पाखरांचे बारीक छर्रे डुकरावर मारायचे. खांद्याला त्रास नाही, पण छर्रे कातडीखाली अडकायचे आणि जनावर आठवडाभर कुजत मरायचं. बार जास्त भरला तरी जनावर जखमी, कमी भरला तरी जखमी. दोन्हीकडच्या चुकीचं फळ एकच.

या पेचातून वाट काढणारी दोन माणसं शिकारीच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. पहिला वॉल्टर बेल, स्कॉटलंडचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडाच्या करामोजा भागात यानं हत्ती मारले, एकूण हजारावर. आज ही संख्या ऐकताना लाज वाटते. पण त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. त्या काळी हत्तीसाठी पाच किलोच्या दुनळी रायफली वापरत, गोळी बत्तीस ग्रॅमची. त्यांचा धक्का म्हणजे हाडं हलायची. बेलनं त्यातले बहुसंख्य हत्ती मारले ते .२७५ रिग्बी या हलक्या रायफलीनं. गोळी फक्त सव्वाअकरा ग्रॅमची. जड रायफलीच्या तुलनेत तिचा धक्का पाचव्या हिश्शाच्या आसपास.

हे त्याला कसं साधलं? एक तर गोळी लांब, बारीक आणि घट्ट आवरणाची होती. सुई जशी आत शिरते तशी ती हाडातून सरळ जायची. गोळीचं नुसतं वजन पाहून भागत नाही, ते किती जाडीवर बसवलंय हेही पाहावं लागतं. दुसरं म्हणजे बेलनं हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदू नेमका कुठं असतो ते पाहून ठेवलं होतं. हलकी गोळी वापरण्याचा अधिकार त्यानं असा कमावला होता. नुसती त्याची रायफल उचलून जे गेले, त्यांचं काम नव्हतं ते. म्हणूनच आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती-रेड्यांसाठी इतक्या लहान काडतुसाला परवानगीच नाही.

दुसरे आपले जिम कॉर्बेट. १९०७ साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, म्हणून संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी त्यांना रायफल भेट दिली. तीही .२७५ रिग्बीच. त्यांच्याकडे वाघासाठी जड दुनळी रायफल होतीच. पण डोंगरात मैलोन् मैल पायी हिंडणाऱ्या या माणसाला हलक्या रायफलीचं मोल कळलं होतं. १९३० साली चौगडच्या वाघिणीच्या मागावर असताना त्यांच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना नाद होता. एका खडकाला वळसा घालून ते वळले तर वाघीण जेमतेम आठ फुटांवर बसून त्यांच्याकडेच बघत होती. दुसरा हात रायफलीला लावायला सवड नव्हती. उजव्या हातानं, एकट्या, त्यांनी ती रायफल इंचाइंचानं वळवली आणि गोळी झाडली. पुढे लिहिताना कॉर्बेटनी आपल्या बाजूनं असलेल्या गोष्टी मोजल्या, त्यांत हातातली अंडी होती आणि रायफल हलकी होती हेही होतं. अंडी त्यांनी नंतर परत नेऊन जागेवर ठेवली.

पण कॉर्बेटच्या पुस्तकातली मला सर्वांत हलवणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. चंपावतच्या त्या वाघिणीनं नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसं मारली, असा आकडा त्यांनी दिला आहे. ती मेल्यावर त्यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. त्या सुळ्यांमुळं तिला रानातली शिकार करता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली. कुणीतरी, कधीतरी, एक बार चुकवला होता. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. त्या एका बाराची किंमत चारशेहून अधिक घरांनी दिली.

हे वाचलं तेव्हा मला वाडीतल्या मावशींचं लंगडणं दिसलं. आमच्या घराची चूक लहान होती, पण जात तीच होती.

स्वीडनचा कायदा मी भाच्याकडून समजून घेतला, तेव्हा या लोकांनी नेमका याच गोष्टीचा विचार केलाय हे लक्षात आलं. मूससाठी गोळी निदान नऊ ग्रॅमची हवी आणि शंभर मीटरवर तिच्यात २७०० ज्यूल ऊर्जा हवी. पण गोळी दहा ग्रॅमची किंवा जास्त असेल तर २००० ज्यूलही चालतात. म्हणजे जड गोळी सावकाश गेली तरी कायदा मान्य करतो, कारण ती खोल जाते. त्या देशात १८९४ पासूनचं एक साडेसहा मिलिमीटरचं काडतूस आहे. त्याची दहा ग्रॅमची गोळी लांब, बारीक, मध्यम वेगाची, आणि धक्का मवाळ. कित्येक पिढ्या तेच वापरत आल्या आहेत. शिवाय कायदा असाही आहे की जनावर जखमी होऊन पळालं तर माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर आला पाहिजे. माणूस चुकणार हे गृहीत धरूनच केलेली ही सोय आहे.

मी भाच्याला फोन केला. म्हटलं, "बेटा, हिशेब केलाय, चुकला तर सांग. तुझ्याच रायफलीत थोडी हलकी गोळी घातलीस तर धक्का आठव्या हिश्शाच्या आसपास कमी होईल, फार नाही. पण त्या साडेसहा मिलिमीटरच्या काडतुसाची रायफल पावणेतीन किलोची असली, तरी तिचा धक्का तुझ्या काडतुसाच्या चार किलोच्या रायफलीएवढाच बसतो. तिसऱ्या हिश्शानं कमी. आणि अर्धा किलो जास्त उचल, मेला नाहीस तू चालून."

तो हसला. म्हणाला, "मामू, क्लबातले म्हातारेही हेच सांगत होते. मला वाटलं, जुन्या वळणाचे आहेत."

त्यानं रायफल बदलली. सव्वातीन किलोची, साडेसहा मिलिमीटरची घेतली. दस्त्याला रबराची गादी बसवली, दस्त्याची लांबी आपल्या हाताच्या मापानं करून घेतली. नळीच्या तोंडाशी आवाज कमी करणारं नळकांडं लावलं. त्यानं धक्काही थोडा मऊ होतो, आणि माणूस धक्क्याइतकाच आवाजालाही दचकत असतो. पण खरं औषध निराळंच होतं. क्लबातला एक म्हातारा त्याच्या नकळत कधी खरं काडतूस भरून द्यायचा, कधी खोटं. खोट्या काडतुसावर चाप ओढला की आवाज होत नाही, धक्का बसत नाही, आणि आपला हात कसा उडतो ते उघडं पडतं. भाचा म्हणाला, "पहिल्या दिवशी इतकी लाज वाटली मामू, नळी चांगली वीतभर खाली गेली." महिनाभर तो लहान बोअरच्या, धक्का नसलेल्या रायफलीवर शिकला, मग मोठीवर आला. रुळांवरून पळणारं मूसचं चित्र असतं, त्यावर सराव केला. हळूहळू शरीर मार विसरलं.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. कवितेतही मी हे केलेलं आहे. विशीत असताना वाटायचं, शब्द जितका जड तितका तो खोल जाईल. दोन ओळींच्या लहानशा कवितेत रक्त, क्रांती, काळोख सगळं ठासायचो. वाचताना आपणच डोळे मिटतोय हे कळत नव्हतं. ऐकणाऱ्याला कुठं लागायचं नाही, किंवा भलतीकडे लागायचं. लहान कवितेला लांब, बारीक, सरळ जाणारा शब्द लागतो, हे कळायला मला फार वर्षं लागली. अब्बांना ते एका रात्रीत कळलं, पण फार महाग पडलं.

त्या रात्रीनंतर अब्बांनी एक माप करून घेतलं होतं. बांबूच्या पेराचं, बोटाएवढं. त्यात मावेल तेवढीच दारू, वर एक कणही नाही. पुढे कोणी सांगितलं, "मास्तर, बार वाढवा," तर ते म्हणायचे, "माझ्या खांद्याला झेपेल तेवढाच बार. बाकी भात डुकराचं." आणि बार हवेतच काढायचे. त्यांच्यामागे आम्ही बंदूक सरकारजमा केली. माप मात्र माझ्या टेबलावर आहे. त्यात मी टाचण्या ठेवतो.

ऑक्टोबरमध्ये भाच्याचा पुन्हा फोन आला. हंगामाचा पहिला दिवस संपला होता.

मी विचारलं, "काय रे, जमलं?"

म्हणाला, "मूस आला मामू. ऐंशी मीटरवर. मोठा नर. पण तिरका उभा होता आणि मध्ये झुडपं होती. मी नेम धरला, खांदा अगदी शांत होता, आणि मग वाटलं, नाही. रायफल खाली केली. गोळी झाडलीच नाही."

"मग मित्र काय म्हणाले?"

"म्हणाले, बरोबर केलंस. उद्या पुन्हा जाऊ."

मी त्याला आमच्या त्या रात्रीची गोष्ट तोपर्यंत सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, ते माप मला द्याल?"

मी म्हटलं, "देईन. पण आधी ये, वाडीत जाऊ. मावशींचा नातू तिथंच असतो. त्याच्याकडून चहा पिऊन येऊ."